‘वॉव’ क्रियापद आहे का, ते आलं कुठून, आणि कुठे वापरावं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कॉलेजच्या एकांकिका स्पर्धेवर तुम्ही इंग्रजीत लेख लिहिलात. त्यात ‘अवर प्ले वॉव्ड द ऑडियन्स’ असं वाक्य होतं. सरांनी ‘वॉव्ड’भोवती लाल गोल काढला आणि शेरा मारला, ‘हा उद्गार आहे, क्रियापद नव्हे.’ तुम्ही तर हेच रूप इंग्रजी नाट्यपरीक्षणांत कितीदा वाचलं आहे. मग चूक कोणाची? हे क्रियापद कधीपासून वापरात आहे? आणि हा शब्द आपल्या ‘वाहवा’वरून तिकडे गेला का?

नाटक, संगीत आणि सिनेमाबद्दलच्या मजकुराचं इंग्रजी-मराठी भाषांतर आणि संपादन हे माझं अनेक वर्षांचं काम आहे. हा शब्द रोज हाताखालून जातो. सरळ उत्तर आधी देते. ‘वॉव’ हे रीतसर क्रियापद आहे, शंभर वर्षांपासून आहे, आणि इंग्रजीच्या सगळ्या मोठ्या शब्दकोशांत त्याची क्रियापद म्हणून नोंद आहे. त्यामुळे सरांचा शेरा व्याकरणाच्या दृष्टीने टिकत नाही. पण तुमच्या लेखातून तो शब्द काढा, असं मीही सांगितलं असतं. माझं कारण वेगळं आहे आणि ते या शब्दाच्या जन्मात दडलेलं आहे. म्हणून इतिहासापासूनच सुरुवात करावी लागेल.

‘वाहवा’चा मुद्दा पहिल्यांदा मोकळा करते, कारण हा प्रश्न फार जण विचारतात. आवाज इतका सारखा आहे की शंका येणारच. पण तारखा जुळत नाहीत. ‘वॉव’ची सर्वांत जुनी ज्ञात लेखी नोंद स्कॉटलंडमधली आहे. गॅविन डग्लस या कवीने व्हर्जिल या रोमन कवीच्या ‘इनीड’ या महाकाव्याचं स्कॉट्स भाषेत भाषांतर केलं, ते 1513 मध्ये पूर्ण झालं, आणि त्यात हा उद्गार आहे. वास्को द गामा कालिकतला उतरून तेव्हा पंधराच वर्षं झाली होती आणि ईस्ट इंडिया कंपनी स्थापन व्हायला 1600 साल उजाडायचं होतं. त्या काळी स्कॉटलंडमधल्या कवीच्या कानावर आपल्याकडचा ‘वाह’ जाण्याचा रस्ताच नव्हता. आपला ‘वाह’ फारसीतून आला. थक्क झालेल्या माणसाच्या तोंडून जो आवाज आपसूक निघतो, तो दोन्हीकडे स्वतंत्रपणे शब्द बनला, इतकंच यात आहे.

पुढची जवळजवळ चारशे वर्षं ‘वॉव’ हा मुख्यतः स्कॉटिश उद्गार राहिला. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने 1790 मध्ये लिहिलेल्या ‘टॅम ओ’ शँटर’ या कवितेत तो फार चपखल जागी आला आहे. बाजारच्या दिवशी भरपूर दारू पिऊन टॅम रात्री घोडीवरून घरी निघतो. वाटेत ॲलोवेच्या पडक्या चर्चमध्ये त्याला उजेड दिसतो. तो डोकावतो, तर आत चेटकिणींचा नाच रंगात आलेला! ते दृश्य सांगायला सुरुवात करताना बर्न्स आधी ‘वॉव’ म्हणतो आणि मग काय दिसलं ते सांगतो. बघणारा, डोळ्यांसमोरचा तमाशा आणि तोंडून निघालेला आवाज हे तिन्ही तिथे हजर आहेत. पण शब्द अजून फक्त बघणाऱ्याच्या तोंडचा आहे. नाचणाऱ्यांनी काही ‘केलं’ असं तो सांगत नाही.

ते वळण अमेरिकेत आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा उद्गार तिथे पुन्हा लोकप्रिय झाला. 1920 च्या सुमाराला तो नाम म्हणून छापलेला दिसतो: एखादा प्रयोग ‘अ वॉव’ आहे, म्हणजे निर्विवाद यशस्वी आहे. आणि क्रियापदाची पहिली नोंद 1924 ची आहे. उद्गार, मग नाम, मग क्रियापद, आणि शेवटची दोन पावलं चार वर्षांच्या आत. हे ज्या जगात घडलं ते जग समजून घेतलं की शब्दाचा स्वभाव कळतो. ते जग म्हणजे व्हॉडव्हिल.

व्हॉडव्हिल हा अमेरिकेतला रंगमंचीय करमणुकीचा प्रकार होता. एका खेळात आठ-नऊ वेगवेगळे कलाकार ओळीने आपापला छोटा कार्यक्रम करायचे: कसरती, गाणी, विनोदी जोड्या, जादू, नृत्य, शिकवलेली कुत्री. मोठ्या थिएटरांत दिवसातून दोन खेळ, छोट्या थिएटरांत तीन किंवा जास्त. क्रमालाही अर्थ असे. सुरुवातीला कसरतपटू ठेवत, कारण लोक अजून खुर्च्या शोधत असत आणि संवाद कोणी ऐकलाच नसता. शेवटून दुसरी जागा सर्वांत मानाची, ती मुख्य कलाकाराची. न्यूयॉर्कचं पॅलेस थिएटर 1913 मध्ये सुरू झालं आणि तिथे काम मिळणं हे प्रत्येक कलाकाराचं स्वप्न बनलं. 1932 मध्ये तेच पॅलेस फक्त सिनेमासाठी राखलं गेलं, आणि व्हॉडव्हिलचा काळ संपल्याची ती खूण मानली जाते.

या धंद्यात कलाकाराचं पोट एकाच गोष्टीवर अवलंबून असे. प्रेक्षकांनी त्याला कसं घेतलं? बी. एफ. कीथ आणि एडवर्ड आल्बी यांच्या साखळीतल्या थिएटरांचे व्यवस्थापक प्रत्येक कलाकाराबद्दल अहवाल लिहून पाठवत. किती मिनिटं घेतली, किती हशा मिळाला, टाळ्या कशा पडल्या, कोणता विनोद काढून टाकायला लावला. 1902 पासूनचे असे अहवाल आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवले आहेत. हे अहवाल म्हणजे समीक्षा नव्हे. पुढच्या शहरात या माणसाला घ्यायचं का, कोणत्या क्रमांकावर उभं करायचं, हे ठरवायला केलेल्या त्या नोंदी आहेत. लिहिणाऱ्याला कलेबद्दल काय वाटतं याला तिथे गौण स्थान. लोकांनी काय केलं, ते महत्त्वाचं.

याच्या जोडीला होतं ‘व्हरायटी’. साइम सिल्व्हरमनने 1905 च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला सुरू केलेलं हे साप्ताहिक नाटकधंद्यातल्या लोकांसाठी होतं आणि त्याने स्वतःची एक ठसकेबाज बोली घडवली. ‘बॉफो’, ‘सॉको’ हे यशाचे शब्द त्याच बोलीतले. शेअर बाजार कोसळल्यावर 30 ऑक्टोबर 1929 च्या अंकात त्यांनी मथळा दिला, ‘वॉल स्ट्रीट लेज अ‍ॅन एग’. अंडं घालणं म्हणजे रंगमंचावर साफ आपटणं. अख्ख्या देशाचं आर्थिक संकट त्यांनी पडलेल्या प्रयोगाच्या भाषेत सांगितलं! जिथे प्रत्येक वाक्याचा विषय ‘प्रयोग चालला की पडला’ एवढाच असतो, तिथे त्या निकालासाठी आखूड, दणकट क्रियापदं लागतातच. ‘वॉव’ इंग्रजीत तीन अक्षरांचा, छापायला सोपा, आणि ऐकणाऱ्याला लगेच कळणारा. तो क्रियापद झाला यात मला नवल वाटत नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी मी एवढं मागे गेले, तो सांगते. रंगमंचावरच्या यशाची इंग्रजीतली बहुतेक क्रियापदं मारहाणीची आहेत: नॉक देम डेड, किल, स्ले, आणि अख्खं थिएटर खाली आणणं. लंडनच्या म्युझिक हॉलमध्ये आल्बर्ट शेव्हॅलिएचं 1891 चं गाणं होतं, त्यातही ‘नॉक्ड देम’ हाच वाक्प्रचार आहे. या सगळ्यांत कलाकार प्रहार करतो आणि प्रेक्षक तो झेलतो. ‘वॉव’ची घडण निराळी आहे. इथे प्रेक्षकाच्या तोंडून निघालेला आवाज उचलला आणि तो कलाकाराच्या कृतीचं नाव म्हणून वापरला. ‘शी वॉव्ड देम’ म्हणजे तिने असं काही केलं की त्यांच्या तोंडून ‘वॉव’ निघालं. त्यामुळे या क्रियापदात पुरावा गृहीत धरलेला आहे. प्रेक्षक तसे थक्क झाले, आणि ते कोणीतरी पाहिलं. साक्षीदाराने वापरायचं हे क्रियापद आहे. तुमच्या वाक्याची अडचण इथे आहे, आणि शेवटी मी तिच्याकडे येणारच आहे.

सरांच्या बाजूनेही बोलायला हवं. आपण शाळेत शब्दांच्या आठ जाती शिकतो. त्यात केवलप्रयोगी अव्यय म्हणजे रूप न बदलणारा, वाक्यापासून सुटा उभा राहणारा शब्द. मराठीचा विचार केला तर ते बरोबरच आहे. आपण ‘वाहवा’चं नाम केलं, पण क्रिया सांगायला ‘करणे’, ‘मिळवणे’ सोबत घ्यावंच लागतं. संगीत नाटकांच्या प्रेक्षकांनी ‘वन्स मोअर’ ही इंग्रजी आरोळी आपलीशी केली, तिचंही आपण नाम केलं: वन्स मोअर दिला, वन्स मोअर मिळाला, एका पदाला तीन-तीन वन्स मोअर घेतले. ‘प्रेक्षकांनी गायकाला वन्समोअरलं’ असं कोणी म्हणत नाही. इंग्रजीला अशा आधाराची गरज नाही. ती शब्दाला कोणताही प्रत्यय न लावता सरळ क्रियापदाच्या जागी बसवते. नटाची हुर्यो उडवताना केलेला ‘बू’, गप्प करायचा ‘शश्’, पुन्हा गायला लावायचा ‘एन्कोअर’ हे सगळे उद्गार इंग्रजीत क्रियापदं म्हणून चालतात. नाटकगृहातलेच किती आहेत पाहा!

आता वापराकडे. संपादन करताना मी पहिल्यांदा कर्म शोधते. ‘वॉव’ सकर्मक आहे. ‘शी वॉव्ड’ एवढ्यावर वाक्य संपलं तर ते लंगडं वाटतं. कोणाला, हे सांगावंच लागतं. आणि ते कर्म दाद देऊ शकणारं हवं: प्रेक्षक, परीक्षक, चाहते, समीक्षक, मतदार. गावाचं नाव चालतं, ‘वॉव्ड लंडन’, कारण तिथे लंडन म्हणजे लंडनचे लोक. कर्ता मात्र माणूसच हवा असं नाही. गाणं, नेपथ्य, पोशाख, नवी मोटार, काहीही चालतं. कशाच्या जोरावर ते सांगायचं तर ‘विथ’ येतो. कर्मणी रूपही नेहमीचं आहे, ‘द जजेस वेअर वॉव्ड बाय हर व्हॉइस’. रूपं पूर्ण नियमित आहेत आणि ‘वॉव्ड’चा उच्चार एका झटक्यात, एकाच अवयवाचा होतो.

मात्रा दाखवणाऱ्या शब्दांशी याचं फारसं जमत नाही. ‘कम्प्लीटली वॉव्ड’ ठीक, ‘स्लाइटली वॉव्ड’ कानाला खटकतं, कारण अर्धवट थक्क होणं असं काही नसतं. नकारासाठी इंग्रजी पत्रकार बहुधा ‘फेल्ड टू वॉव’ लिहितात. या प्रयोगाचा सूर सौम्य असतो: काम वाईट नव्हतं, अपेक्षेएवढं भिडलं नाही. एका भाषांतराच्या मसुद्यात याचं ‘सपशेल आपटलं’ झालेलं मी पाहिलं आणि दुरुस्त केलं. ‘प्रयोग फारसा रंगला नाही’ एवढंच तिथे पुरतं.

भावंडांत गल्लत होते म्हणून दोन शब्दांबद्दल सांगते. ‘किल’ला कर्म नसलं तरी चालतं. स्टँड-अप विनोदकार ‘आय किल्ड लास्ट नाइट’ म्हणतो तेव्हा काल त्याचा कार्यक्रम तुफान रंगला होता. त्याच्या उलट ‘आय डाइड’ किंवा ‘आय बॉम्ब्ड’ म्हणजे कार्यक्रम पडला. इथे एक सापळा आहे. ब्रिटिश माणूस ‘इट वेंट डाउन अ बॉम्ब’ म्हणाला तर तो यशाबद्दल बोलतोय. लिहिणारा कुठला, हे बघितल्याशिवाय ‘बॉम्ब’चं भाषांतर मी करतच नाही.

दुसरा शब्द ‘स्ले’. तरुण मुलांना तो समाजमाध्यमांवरचा ताजा शब्द वाटतो, पण त्याचं मूळ फार जुनं आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ प्रहार करणे, आणि त्या काळी नाणी पाडणं, तंबू ठोकणं, इतकंच काय, हार्प वाजवणं यासाठीही तोच शब्द होता. आनंदाने भारावून टाकणे या अर्थाच्या त्याच्या नोंदी चौदाव्या शतकापासूनच्या आहेत. आजचा ठसका मात्र न्यूयॉर्कच्या बॉलरूम संस्कृतीतून आला. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी व ट्रान्स समाजाने उभ्या केलेल्या त्या स्पर्धांत वेश, चाल आणि तोरा यांवर निकाल लागायचा. 2016 मध्ये गायिका बियॉन्सेच्या ‘फॉर्मेशन’ या गाण्याने तो शब्द जगभर नेला. त्याचं श्रेय त्या समाजाला द्यायला हवं आणि लिहिताना मी ते आवर्जून देते. वापरातला फरक असा की ‘शी स्लेड’ हे कर्माशिवाय पूर्ण वाक्य आहे. आणि राक्षस मारला तर भूतकाळ ‘स्लू’ होतो, पण प्रेक्षक जिंकले तर ‘स्लेड’च.

जाता जाता एक इशारा. ध्वनिमुद्रणाच्या यंत्रांबद्दलच्या मजकुरात ‘वॉव अँड फ्लटर’ दिसलं तर तिथे कौतुकाचा संबंध नाही. तबकडी किंवा फीत एकसारख्या वेगाने न फिरल्यामुळे सुरात जे हेलकावे येतात, त्यातल्या संथ हेलकाव्याला ‘वॉव’ म्हणतात. रेकॉर्ड प्लेअरच्या माहितीत तो आकडा जितका कमी तितकं यंत्र चांगलं.

आता, कुठे वापरावं. हे तुम्ही कोणासाठी आणि काय लिहिता यावर ठरतं, त्यामुळे एकच नियम देता येणार नाही. आजचे शब्दकोश या क्रियापदाला ‘अनौपचारिक’ अशी खूण देतात. वृत्तपत्रातलं परीक्षण, मथळा, मित्राला पत्र, कार्यक्रमाचा वृत्तांत इथे ते बिनधास्त वापरा. मथळ्याला तर ते वरदानच आहे, कारण जागा कमी लागते. प्रबंध, संशोधनलेख, आयईएलटीएसमधला निबंध, सरकारी पत्रव्यवहार इथे नको. तिथे ‘इम्प्रेस’ किंवा ‘डिलाइट’ घ्या. जाहिरातींबद्दल माझं मत जरा कडक आहे. ‘धिस विल वॉव यू’ हे वाक्य इतक्या वस्तूंच्या खोक्यांवर छापलं गेलंय की त्यातला जीव गेला. शिवाय ते भविष्यकाळात आहे, म्हणजे घडायच्या आधीच निकाल. व्हॉडव्हिलचा व्यवस्थापक खेळ संपल्यावर अहवाल लिहायचा, आधी नव्हे.

हेच तुमच्या वाक्याला लागू होतं. ‘अवर प्ले वॉव्ड द ऑडियन्स’ हा निकाल तुम्ही स्वतःच्या नाटकाबद्दल स्वतःच दिलात. हेच वाक्य समोर बसलेल्या दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मी एक अक्षरही बदललं नसतं. परदेशी परीक्षणांत ते तुम्हाला खटकलं नाही, कारण तिथे लिहिणारा प्रेक्षकांत बसलेला होता. स्वतःच्या कामाबद्दल लिहिताना लोकांनी काय केलं ते सांगा आणि निकाल वाचणाऱ्यावर सोडा. तुमच्याच प्रश्नात तुम्ही ओघात लिहिलंय की शेवटच्या प्रवेशानंतर पडदा पडला तरी मागच्या रांगांतली मुलं उठली नाहीत आणि दिवे लागल्यावर टाळ्या सुरू झाल्या. हे तपशील लेखात का नाहीत? ‘व्हेन द कर्टन फेल, द बॅक रोज स्टेड इन देअर सीट्स. द अप्लॉज बिगॅन ओन्ली आफ्टर द लाइट्स केम ऑन.’ दोन साधी वाक्यं आहेत, एकही विशेषण फुगवलेलं नाही, आणि वाचणाऱ्याच्या मनात ‘वॉव्ड’ आपोआप उमटतं.

नोकरीच्या किंवा प्रवेशाच्या अर्जातही हेच धोरण ठेवा. ‘आय वॉव्ड द जजेस’पेक्षा कोणतं पारितोषिक मिळालं, किती संघांतून मिळालं, ते लिहा.

सरांशी बोलताना शब्दकोशातली नोंद सोबत न्या. तिथे ‘क्रियापद, सकर्मक, अनौपचारिक’ असं स्पष्ट छापलेलं असतं. पहिले दोन शब्द तुमच्या बाजूचे आहेत, तिसरा त्यांच्या. लेख कॉलेजच्या वार्षिकांकासाठी होता की गुणांसाठीच्या गृहपाठाचा होता, हे तुम्ही लिहिलेलं नाही. वार्षिकांकासाठी असेल तर अनौपचारिक शब्दाला हरकत घेण्याचं कारण नाही. गृहपाठ असेल तर त्यांना औपचारिक भाषा अपेक्षित असू शकते, आणि तसं असेल तर लाल गोल राहू द्या, शेरा तेवढा बदलून मागा.